चालता धंदा सोडणारा वसईकर

राखेचा बुधवार झाला की चिंचोटीपासून नायगावपर्यंतच्या ग्रुपवर एकच विषय : उपवासकाळात तू काय सोडलंस? कुणी मटण, कुणी इन्स्टा. वसईच्या गोन्सालो गार्सियाने चक्क चालता धंदा सोडला होता.

जन्म १५५७च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयातच तो जेज्विट फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित शिकला. त्यालाही जेज्विट व्हायचं होतं, पण त्यांनी काही घेतलं नाही. मग व्यापारात शिरला आणि मस्त जम बसला. बरेच जण इथेच सेटल झाले असते. याची ओढ मात्र गेली नाही. मनिलात तो फ्रान्सिस्कनांमध्ये साधा ब्रदर झाला, धर्मगुरू कधीच नाही. १५९३ला दुभाषा म्हणून पुन्हा जपान! जिथे नकार मिळाला तिथेच, आता गरिबीचं व्रत घेऊन. मला तरी हेच जास्त अवघड वाटतं.

हिदेयोशीच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं. त्यात तो होता. १८६२मध्ये संतपद मिळालं. वसईतल्या कॉलेजला नावही त्याचंच; आपण ‘जीजी’ म्हणून मोकळे होतो.