रेन अँड मार्टिनमधले रेन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा आधी डोळ्यांसमोर आलं ते सरांच्या टेबलावरचं खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक. सर वर्गात आले की आधी ते पुस्तक टेबलावर यायचं, मग हजेरी. रेन म्हणजे पाऊस हे आपण पाचवीत शिकलो होतो, पण मग मार्टिन म्हणजे काय, असा प्रश्न मागच्या बाकावरून एकदा आला होता आणि सर स्वतःसुद्धा हसले होते. रेन हा एक हाडामांसाचा मास्तर होता, हे मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः इंग्रजी शिकवायला लागल्यावर. आठवणी बाकीचे लिहितीलच. मी या मास्तरांबद्दल लिहिते.

पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७५ रोजी लंडनच्या डेप्टफर्ड भागात झाला. घर साधं, वडील शाळामास्तर. जन्माच्या वेळचं नाव नुसतंच पर्सी रेन. भारदस्त नाव त्यांनी पुढे घेतलं. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे सर ख्रिस्तोफर रेन आपल्याच घराण्यातले, असा समज त्यांनी होऊ दिला. ज्या माणसाच्या नावाने आपण भूतकाळाचे नियम घोकले, त्याने स्वतःच्या भूतकाळात असे सोयीचे फेरफार केले होते!

ऑक्सफर्डची पदवी घेऊन त्यांनी काही काळ इंग्लंडमध्ये शिकवलं. १९०३ साली ते इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि कराचीच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे पुण्या-मुंबईच्या शाळा ज्या शिक्षण खात्याखाली चालत, त्याच खात्याचे हे नोकर. पुढे ते शाळातपासनीसही झाले. बारा-चौदा वर्षं त्यांनी या इलाख्यातल्या शाळा आतून बघितल्या. ज्यांची घरची भाषा सिंधी, गुजराती किंवा मराठी, अशा मुलांना इंग्रजी शिकताना कुठे ठेच लागते, हे त्यांच्या रोजच्या कामातच होतं.

त्या अनुभवातून त्यांची शिक्षकांसाठीची पुस्तकं आली. १९१० साली अध्यापनाच्या तत्त्वांवर एक मार्गदर्शक, १९११ साली शाळेची व्यवस्था आणि शिस्त यांवर एक. आणि त्याच वर्षी तिसरं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याचा विषय होता भारतीय शाळांमध्ये प्रत्यक्ष पद्धतीने इंग्रजी कसं शिकवावं.

प्रत्यक्ष पद्धत म्हणजे काय, हे आपल्या वर्गाला वेगळं सांगायला नको. ऑफ तासाला सर येऊन काय करायचे, आठवतं? काही न बोलता खिडकीकडे जायचे, कडीला हात घालायचे आणि म्हणायचे, आय अॅम ओपनिंग द विंडो. खिडकी उघडली की वळून म्हणायचे, आय हॅव ओपन्ड द विंडो. मग एकेकाला उठवायचे. कुणी दार लावायचं, कुणी फळा पुसायचा, आणि करता करता बोलायचं. हीच ती पद्धत. आधी वस्तू आणि कृती, मग शब्द, मग वाक्य, आणि भाषा अंगवळणी पडल्यावर तिचा नियम. मध्ये भाषांतराचा जिना नाही. त्या तासाला आपण दंगा फार करायचो, कारण हा अभ्यास आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

रेन यांचं पुढचं आयुष्य मात्र शाळेत राहिलं नाही. मुलगी लहानपणीच गेली, पहिली पत्नीही लवकर गेली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते भारतीय सैन्याच्या राखीव अधिकाऱ्यांत दाखल झाले आणि पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले. तिथून प्रकृती ढासळून परतावं लागलं. १९१७ साली त्यांनी शिक्षण खात्याचा राजीनामा दिला आणि भारत सोडला.

गोष्टी लिहिण्याचा नाद त्यांना इथे असतानाच लागला होता. १९१२ पासून त्यांची कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं येत होती. १९२४ साली ‘बो जेस्ट’ ही कादंबरी आली आणि मास्तर एकदम जगप्रसिद्ध झाले. घरातला मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो, तीन भाऊ त्याचा आळ आपापल्या अंगावर घेऊन फ्रान्सच्या परदेशी सैन्यदलात भरती होतात आणि त्यांतले दोघे सहारा वाळवंटातल्या एका किल्ल्यात अडकतात, अशी ती कथा. तिच्यावर १९२६ साली मूकपट निघाला, १९३९ साली बोलपट. त्या सैन्यदलात आपण स्वतः नोकरी केली होती, असंही रेन सांगत. त्याचा कागदोपत्री पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही.

आणि आपलं पुस्तक? ते १९३५ साली आलं. रेन यांना भारत सोडून तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. ऑक्सफर्डचेच एम. ए. असलेले एच. मार्टिन यांच्या जोडीने भारतातल्या हायस्कूलसाठी केलेलं हे इंग्रजी व्याकरण. पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी ते सुधारलं आणि दिल्लीच्या एस. चंद यांनी घरोघर पोचवलं. २२ नोव्हेंबर १९४१ रोजी रेन इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात वारले. कादंबरीकार रेन आज तिकडे फारसे कुणी वाचत नाही. इकडे मात्र पुस्तकाचं नाव न घेता नुसतं रेन अँड मार्टिन म्हटलं तरी पुरतं.

आता माझ्याबद्दल थोडं. दहावीला वाक्यरूपांतरात माझा एकही गुण गेला नव्हता. ‘टू’ काढून ‘सो... दॅट’ घाला म्हटलं की हात आपोआप चालायचा. पण पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी गावाबद्दल दोन वाक्यं बोलायला सांगितली, तर तोंडातून शब्द फुटेना. तरीही शिक्षिका झाल्यावर पहिली कितीतरी वर्षं मी फळ्यावर नियमच लिहीत राहिले. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘हॅव बीन’च्या दहा गाळलेल्या जागा अचूक भरल्या आणि तहान लागली तेव्हा पाणी मागायला मराठीत हात वर केला. त्या दिवशी मला खिडकी उघडणारे सर आठवले.

‘बो जेस्ट’मध्ये किल्ल्यातले सैनिक एकेक करून पडतात, तेव्हा त्यांची प्रेतं बंदुकीसह तटावर उभी केली जातात. शत्रूला लांबून किल्ला भरलेला दिसतो. हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं. घोकलेल्या नियमांचं माझ्या डोक्यात तसंच झालं होतं.

दोष पुस्तकाचा नव्हे. त्यात नियमांपेक्षा स्वाध्याय कितीतरी जास्त आहेत, आणि उत्तरार्धात पत्र, संवाद, निबंध असं सगळं लिहून बघायला सांगितलेलं आहे. आपण परीक्षेपुरती त्यातली पानं निवडली. प्रत्यक्ष पद्धतीचं पुस्तक लिहिणारे रेन आणि व्याकरणाचे रेन हा एकच माणूस होता, एवढं ध्यानात ठेवलं तर दोन्हीचा मेळ बसतो. मुलांनी आधी बोलावं, चुकावं, आणि मग ती चूक का झाली हे बघायला पुस्तक उघडावं.

माझ्या वर्गात आता त्याच क्रमाने चालतं. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. पण पाणी इंग्रजीत मागितलं जातं.

सर, संमेलनाला तुम्ही येणार आहात असं कळलं. हॉलच्या खिडक्या मी बंद करून ठेवायला सांगणार आहे. त्या तुम्हीच उघडायच्या. आम्ही सगळे बोलू.