जावजी दादाजी

सातारा-सांगलीकडील आपणां सर्वांस मिरज हें गांव सतारी-तंबोऱ्यांमुळें ठाऊक आहे. परंतु त्याच गांवीं १८०५ सालीं गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें भगवद्गीता छापली गेली, हें फार थोड्या विद्यार्थ्यांच्या कानीं आलें असेल. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनानें कोरीव कामास लागलेला एक तांबट कारागीर नानांच्या मृत्यूनंतर मिरजेस आला, आणि त्यानें तांब्याच्या पत्र्यांवर पानेंच्या पानें उलटीं कोरलीं. एवढे कष्ट करूनहि त्या पत्र्यांतून गीतेवांचून दुसरा ग्रंथ निघणें शक्य नव्हतें. एकाच सामग्रींतून आज गणित व उद्यां व्याकरण छापावयाचें, तर सुटे खिळे पाहिजेत. ते खिळे देखणे करण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, ते जावजी दादाजी चौधरी.

त्यांचा जन्म १८३९ सालचा. घरची अत्यंत गरिबी. वय दहा वर्षांचें होतें न होतें, तोंच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागले. मिशनरी मंडळींनीं धर्मपुस्तकें व शाळेचीं पुस्तकें मराठींत छापण्याकरितां हा छापखाना काढला होता, आणि टॉमस ग्रॅहॅम नांवाच्या कसबी कारागिराच्या हातच्या अक्षरांमुळें तो प्रसिद्धीस आला होता.

खिळा कसा होतो, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरतात, तो पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला कीं अक्षराचा खोलगट ठसा उमटतो, ती मातृका. मातृका साच्यांत बसवून वर शिसें, अँटिमनी व कथील ह्यांचा रस ओततात. रस थिजला कीं खिळा तयार. पण त्याच्या कडा ओबडधोबड असतात, त्या घासाव्या लागतात. एक खिळा अधिक घासला गेला, तर छापतांना ओळ डुलूं लागते. रोमन लिपीचें काम थोडक्या खिळ्यांत भागतें; आपल्या देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरें धरून शेंकडों लागतात. अक्षर व मात्रा एकत्र ओतली तर ते अखंड खिळे. मात्रा निराळ्या ओतून वर-खालीं जुळविल्या तर ते डिग्री. छापखान्यांतील सर्वांत हलकें समजलें जाणारें काम ह्या पोराच्या वांट्यास आलें होतें खरें, पण प्रत्येक खिळा त्याच्या बोटांखालून जात होता! अक्षराचें वळण बिघडतें कोठें, हें ओळखण्यास मला वाटतें ह्याहून चांगली शाळा मिळाली नसती.

पुढें टाइम्स व इंदुप्रकाश ह्यांच्या छापखान्यांत अनुभव घेऊन, १८६४ सालीं जावजींनीं स्वतःचा ओतकारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी. पंच कोरण्यांत त्यांचा हात विलक्षण होता. जावजींचें नांव सर्वतोमुखीं झालें, राणोजींचें मागें राहिलें; पण अक्षरांचें श्रेय वांटतांना त्यांना विसरणें अन्यायाचें होईल. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना निघाला, आणि त्याचें पंचांग घरोघर गेलें. विनायक कोंडदेव ओक ह्यांचें मुलांसाठीं असलेलें बालबोध मासिक येथेंच छापलें जाई. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब ह्यांच्या संपादनाखालीं काव्यमाला निघूं लागली, आणि पोथ्यांत गुंडाळून पडलेलीं संस्कृत काव्यें स्वच्छ टाइपांत, माफक किंमतींत विद्यार्थ्यांच्या हातीं आलीं. युरोपांतील पंडितहि हीं पुस्तकें मागवीत. ज्या मुलास शिकण्याच्या वयांत खिळे घासावे लागले, त्याच्या छापखान्याचें नांव पंडितांना शुद्धतेची खूण वाटूं लागलें.

शाळेच्या संगणकावर मुलें फाँट निवडतात, तेव्हां मला मौज वाटते. त्या शब्दाचा मूळ अर्थच ओतीव असा आहे. दोन ओळींतील अंतरास लेडिंग म्हणतात, कारण पूर्वीं तेथें शिशाची पट्टी घालीत. शिसें गेलें, भट्टी गेली, शब्द मात्र राहिले.

जावजी १८९२ सालीं वारले. छापखाना त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी ह्यांनीं पुढें चालविला, आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पित्याचें नांव पुत्राच्या नांवामागें छापलें जाऊं लागलें.