चार्ल्स केटरिंग: ठिणगीची वेळ साधणारा इंजिनियर

मामाची चाळीस वर्षं जुनी गाडी दर सिग्नलला बंद पडायची. सकाळी थंड असताना ठीक. पण इंजिन तापलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की दोन गचके देऊन गप्प. कार्बुरेटर दोनदा साफ करून झाला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, काही फरक नाही. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, इथे बघायला लॉगसुद्धा नाही. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आतली यंत्रणा समजून घ्यायला वाचायला बसलो तर एकच नाव सारखं समोर यायला लागलं, चार्ल्स केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिलजवळच्या शेतकरी घरात. डोळे अधू होते, वाचायला बसलं की डोकं दुखायचं. त्यापायी कॉलेज मध्येच सोडून ते टेलिफोनच्या लाइनवर काम करायला गेले, मग परत आले आणि १९०४ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले. तेव्हा वय जवळपास २८. त्या वयापर्यंत माझ्या बॅचच्या अनेकांच्या दोन-तीन नोकऱ्या बदलून होतात!

पहिली मोठी नोकरी डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला हाताने दांडा फिरवावा लागायचा, तिथे त्यांनी इलेक्ट्रिक मोटर बसवली. मोटर दिवसभर चालणार नाहीये, क्षणभरच जोर लावायचाय, मग ती छोटी असली तरी चालते, ही गोष्ट त्यांना तिथे कळली. पुढे तिचा फार उपयोग झाला.

कंपनीतले सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होतं. नोकरी सांभाळून संध्याकाळी तिथे काही जण मोटारीच्या इग्निशनवर काम करायचे. १९०९ मध्ये त्यातून डेल्को कंपनी उभी राहिली आणि कॅडिलॅकने त्यांची इग्निशन यंत्रणा घेतली. स्पेनमध्ये आजही डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात.

आता ही यंत्रणा चालते कशी ते बघूया. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे पॉइंट असतात, आपले मेकॅनिक त्यांना सीबी पॉइंट म्हणतात. ते जुळलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. कॅमने ते उघडले की करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पॉइंट जुळताना नाही, उघडताना पडते. मला हे नीट कळायला एक अख्खी संध्याकाळ लागली. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनीमध्येही हीच रचना होती.

मामाच्या गाडीचं दुखणं इथेच होतं. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजला होता. तो झिजला की पॉइंटमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. कमी वेगात तर अरुंद फटीतच करंट उडी मारतो, प्लगला ठिणगी मिळते ती अशक्त. थंड असताना चोक ओढलेला असतो, इंजिन जरा जोरात फिरतं, म्हणून दोष लपतो. फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवायची असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघायचा. फिलर गेजने आधी फट, मगच टायमिंग. उलट क्रमाने केलंत तर फट बदलताच टायमिंग पुन्हा हलतं.

ठिणगीची वेळ चुकली की काय होतं हे केटरिंग यांच्या काळात लोकांना हाताने कळायचं. तेव्हा हँडल मारून गाडी सुरू करायची. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांचे परिचित बायरन कार्टर अशाच झटक्यानंतर दगावले आणि लेलंड इरेला पेटले, असं सांगतात. गल्ल्याच्या मशीनचा अनुभव इथे कामी आला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला आणि हँडलची गरज संपत गेली.

पण त्याच गाड्यांच्या इंजिनात ठोके ऐकू यायला लागले, म्हणजे नॉकिंग. आळ आला केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनवर. त्यांनी सहकारी थॉमस मिजली यांना कारण शोधायला बसवलं. निघालं असं की मूळ दोष इंधनात आहे, ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण एकदम पेट घेतं. टायमिंग मागे घेतलं तर ठोके कमी होतात, पण ताकदही जाते.

इथपर्यंत मी केटरिंग यांचा पूर्ण चाहता होतो. ९ डिसेंबर १९२१ ला त्यांच्या प्रयोगशाळेला उपाय सापडला: टेट्राएथिल लेड, म्हणजे पेट्रोलमध्ये शिसं. अल्कोहोल मिसळूनही ठोके कमी होतात हे या गटाला माहीत होतं. पण शिसं अगदी थोडं पुरायचं आणि त्यावर पेटंट मिळत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. ते विकणाऱ्या इथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आळ आलेला पार्ट सोडून खरं कारण शोधणारा माणूस इथे का थांबला, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. शिसं विषारी असतं हे तेव्हा गुपित नव्हतं.

१९४७ पर्यंत ते जनरल मोटर्सच्या संशोधनाचे प्रमुख होते. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कॅन्सर संशोधन संस्थेच्या नावातले केटरिंग हेच. २५ नोव्हेंबर १९५८ ला ते डेटनमध्ये वारले. शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, अल्जीरियात २०२१ मध्ये, आणि तो शेवटचा देश होता.

मामाची गाडी आता सिग्नलला नीट उभी राहते. आपल्या पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं, म्हणजे अल्कोहोलच. जुन्या रबराला ते सोसत नाही, त्यामुळे येत्या रविवारी पेट्रोलचे पाइप बदलायचे आहेत.