श्वासाचे उपासक स्वामी कुवलयानंद

थोर पुरुषांच्या चरित्रांत आपण बहुधा चमत्कार शोधत असतो. ज्याच्या आयुष्यात पाण्यावरून चालणे नाही की मेलेल्यास उठविणे नाही, ते चरित्र आपणांस काहीसे फिके वाटते. आज आम्ही वाचकांपुढे ज्या पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत, त्याने चमत्कारांकडे जाणूनबुजून पाठ फिरविली. श्वासासारखी साधी, सर्वांजवळ असणारी आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानात न येणारी वस्तू त्याने हाती घेतली आणि तिचा अभ्यास करण्यात चाळीसहून अधिक वर्षे वेचली. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे ते पुरुष होत.

हेच चरित्र आज का निवडले, हेही सांगितले पाहिजे. आमच्या जांबोटी परिसरातील सभासदांच्या घरांत असे घर विरळाच, की ज्यातील एखादा मुलगा, लेक, सून वा नातू बेळगाव, पुणे, मुंबई, गोवा किंवा बंगळूर येथे पोटापाण्यासाठी गेलेला नाही. गणेशचतुर्थीला ही मंडळी घाट चढून घरी येतात. देवदर्शन होते, जेवणे होतात आणि मग बोलण्यात एकच सूर निघतो : कामाला अंत नाही, रस्त्यावर वाहनांची दाटी, हातातला मोबाईल क्षणभर गप्प बसत नाही, रात्री झोप नाही. शरीर घरात असते, मन मात्र कोठेतरी भलतीकडेच धावत असते. त्यांना गाव सोडून जंगलात जाऊन बसा असे सांगण्यात अर्थ नाही; त्यांचे शहर त्यांना सुटणार नाही. शहरात राहूनच मन ठिकाणावर कसे ठेवावे, हा त्यांचा प्रश्न आहे. स्वामींच्या कार्याचा आमच्या दृष्टीने मोठा भाग या प्रश्नाशीच निगडित आहे.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत, त्या वेळच्या बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची गरिबी होती. शिक्षण दुसऱ्यांच्या आधाराने करावे लागले. तरी १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि पुढे बडोद्याच्या कॉलेजात प्रवेश केला. त्या काळी अरविंद घोष बडोद्यास होते, आणि लोकमान्य टिळकांचे नाव घरोघर दुमदुमत होते. तरुण जगन्नाथाच्या मनावर या दोघांचा खोल ठसा उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करावयाची, असा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला.

त्यांचे पहिले गुरू आखाड्यातले होते. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. शरीर हे हेळसांड करण्याची वस्तू नव्हे, हा धडा त्यांना येथे मिळाला आणि तो त्यांनी कधीही विसरला नाही. पुढे खानदेशात अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते शिकवू लागले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेथील राष्ट्रीय वृत्ती परक्या सरकारच्या डोळ्यांत सलत होती. १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. चाळिशीला पोहोचलेल्या माणसाचे कामच असे हातातून गेले.

परंतु त्याआधीच त्यांच्या जीवनाला एक नवे वळण लागले होते. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध बंगाली योग्यांची व त्यांची भेट झाली. जगन्नाथपंत स्वभावाने चिकित्सक. पुराव्यावाचून काहीही मान्य करण्याची त्यांची तयारी नसे. गुरूंजवळ योगक्रिया शिकत असता त्यांना स्वतःच्या शरीरात व मनात जे बदल जाणवले, ते नाकारता येईनात. पण केवळ आपणांस जाणवले म्हणून ते जगाने मानावे, हेही त्यांना पटेना. अनुभव खरा असेल तर तो तपासणीला उतरलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली.

मग १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांवर क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. उड्डियान व नौली या क्रिया चालू असताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी पाहिले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, असे त्यांना दिसून आले. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरुभक्ती व शास्त्रनिष्ठा यांचा असा मिलाफ आम्हांस तरी दुसरीकडे फारसा आढळलेला नाही.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्यात शास्त्रीय प्रयोगांसाठी एक विभाग असे, तसाच सामान्य वाचकांसाठीही असे. लोणावळा हे मुंबई व पुणे यांच्या मधले, घाटमाथ्यावरचे गाव. चोर्ला घाट परिचयाचा असणाऱ्या आमच्या वाचकांस तेथील पाऊस व धुके वेगळे सांगावयास नको. आश्रम शांत जागी खरा, पण आगगाडी जवळच. शहरातील माणसाला तेथे येता यावे आणि तेथील विद्या शहरात नेता यावी, अशी ही जागा होती.

या काळात त्यांना दोन्ही बाजूंनी झुंजावे लागले असणार, हे सहज समजण्यासारखे आहे. योग ही गुप्त विद्या, ती यंत्राखाली ठेवणे हा तिचा अवमान, असे मानणारे आपल्यात पुष्कळ होते. आणि योग म्हणजे बैराग्यांचा खेळ, असे समजणारे सुशिक्षितही कमी नव्हते. स्वामींनी कोणाशी वाद घालण्यात वेळ घालविला नाही. नाडी, रक्तदाब, श्वासातील वायू ही मोजमापे घेऊन ती ते छापीत राहिले.

प्राणायामाविषयीचा त्यांचा निष्कर्ष आपण सर्वांनी नीट समजून घेण्याजोगा आहे. प्राणायामाने शरीरात पुष्कळ जास्त प्राणवायू शिरतो आणि त्यामुळे माणूस निरोगी होतो, अशी समजूत त्या काळी होती व आजही आहे. असे सांगितले असते तर लोक खूषच झाले असते. परंतु प्राणायामाचे खरे मोल जादा प्राणवायू मिळविण्यात नाही, असे त्यांनी प्रयोगांअंती स्पष्टपणे मांडले. निरोगी माणूस स्वस्थ बसून साधा श्वास घेत असतो तेव्हाच त्याचे रक्त प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी पाणी किती मावणार? प्राणायामाचे मर्म त्यांच्या मते मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आणि त्यातून मनाला येणाऱ्या स्थैर्यात आहे. आपल्या आवडत्या विद्येच्या बाजूने बोलणारा एक लोकप्रिय समज त्यांनी स्वतःच बाजूला सारला. आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

आजच्या वैद्यकशास्त्राने या दिशेने बरीच मजल मारली आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना किंचित मंदावते. मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक मोठी मज्जा आहे. सावकाश सोडलेल्या श्वासासरशी तिचा अंमल वाढतो आणि शरीराला विसाव्याची खूण मिळते. हृदयाचे ठोके आपण इच्छेने कमी करू शकत नाही, पचन इच्छेने चालवू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण मनात आणले तर आपल्या हातीही येतो. घराच्या दोन दालनांमधला तो एकच दरवाजा आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी अहोरात्रीचे एकवीस हजार सहाशे श्वास सांगितले आहेत. वाचकांनी हिशेब करून पाहावा : मिनिटास पंधरा होतात. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटास साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो, असे आजचे डॉक्टर सांगतात. यंत्रांवाचून केलेली ती गणना इतकी जुळावी, याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी श्वासाकडे खरोखरच लक्ष दिले होते. आणि आपण? संध्येत व पूजेच्या आरंभी प्राणायाम येतो. आपण नाकास घाईने बोट लावतो, तोंडाने मंत्र पुटपुटतो आणि पुढच्या उपचाराकडे वळतो. विद्या घरातच आहे. ती वापरावयाची राहिली आहे.

ही विद्या वापरात आणावी म्हणून स्वामी शहरात उतरले. १९३२ साली त्यांनी मुंबईत सांताक्रूझ येथे शाखा काढली. १९३६ साली ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने नांदू लागली. कचेरीत जाणारा कारकून, दुकानात बसणारा व्यापारी, संसारी स्त्रीपुरुष यांना घर न सोडता योगाभ्यास करता यावा, हा त्यामागील हेतू. ज्या रस्त्यावर मुंबईची घाई सर्वांत जास्त दिसते, तेथेच स्वस्थ बसण्याची जागा त्यांनी निर्माण केली. १९२७ साली महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला असता त्यांनीही स्वामींचा सल्ला घेतला होता. पुढे १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठातून कोवूर बेहनन हे संशोधक लोणावळ्यास येऊन त्यांच्याजवळ शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

स्वामींच्या शिकवणुकीत धाडसाला थारा नव्हता. मोक्षमार्गी साधकाचा अभ्यास निराळा आणि आरोग्य व मनःस्वास्थ्य इच्छिणाऱ्या गृहस्थाचा निराळा, असा भेद त्यांनी प्राणायामावरील आपल्या ग्रंथात केला. गृहस्थाने कुंभकाच्या, म्हणजे श्वास कोंडण्याच्या, भरीस पडू नये. पूरकास एक मात्रा तर रेचकास दोन, इतके पुरे, असा त्यांचा कल होता. गुदमरून जी शांती मिळवावयाची ती शांतीच नव्हे, हे तत्त्व त्यातून सहज निघते.

या तत्त्वावरून आमच्या शहरवासी मुलाबाळांनी पुढील साधी गोष्ट करून पाहावी. पाठ ताठ ठेवून, नाकाने, मनात तीन अंक मोजीत श्वास घ्यावा; सहा अंक मोजीत तो सोडावा. आवाज नको, ओढाताण नको. असे दहा वेळा केले तरी दीड मिनिटच लागते. लोकलच्या डब्यात, बसथांब्यावर, साहेबांच्या खोलीत जाण्यापूर्वी किंवा संध्याकाळी घराचे दार उघडण्यापूर्वी हे जमण्यासारखे आहे. मन पळाले तर स्वतःवर रागावू नये. पळाल्याचे ध्यानात येणे हाच परतीचा रस्ता होय. दिवसभराचा संताप घरात आणून बायकोमुलांवर ओतणे आणि उंबऱ्याबाहेर दीड मिनिट थांबणे, यांतला फरक त्या घरातील मुलांना पहिल्याच आठवड्यात कळेल. मात्र ज्यांना हृदयाचा वा दम्याचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून काही करू नये. आणि ज्यांची झोप व भूक महिनोन्‌महिने गेली आहे, त्यांनी केवळ श्वासावर विसंबून न राहता वैद्यकीय उपचार अवश्य घ्यावेत. शास्त्राला सोबत घेऊन चालणाऱ्या या पुरुषाचे नाव घेऊन औषध टाळणे, हा त्याच्या कार्याचाच अनादर होईल.

स्वामींचे उर्वरित आयुष्य संस्था उभारण्यात गेले. कैवल्यधामात गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योगमहाविद्यालय १९५१ च्या सुमारास सुरू झाले, १९६१ साली यौगिक उपचारांचे रुग्णालय निघाले. नाथपंथातील गोरक्षशतक हा ग्रंथ त्यांनी शुक्ल यांच्या समवेत संपादून १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा हाती असूनही पोथी त्यांनी टाकली नाही, आणि पोथी हाती असूनही प्रयोगशाळा सोडली नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचा देहान्त झाला.

आज योगाचा गाजावाजा पुष्कळ आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली २१ जून हा योगदिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. त्या एका दिवसाचा आनंद आम्हांसही आहेच. पण उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न स्वामींचे चरित्र आपणांस विचारते. त्यांनी योगाला गुहेतून काढून प्रयोगशाळेत नेले आणि प्रयोगशाळेतून शहरातील चाकरमान्याच्या खोलीत. शेवटचा टप्पा, म्हणजे त्या खोलीतून आपल्या रोजच्या वागण्यात, तो ज्याचा त्यानेच चालावयाचा आहे.

येत्या पूजेच्या वेळी प्राणायामाचा उच्चार होईल, तेव्हा सभासद बंधुभगिनींनी नाकावरचे बोट क्षणभर अधिक ठेवावे आणि एक तरी श्वास पुरता, सावकाश, लक्ष देऊन सोडावा, इतकीच आमची विनंती आहे.