क्लॅरेन्स बर्ड्सआय : जलद गोठवणीचा पाया घालणारा संशोधक

फळांच्या फोडी फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि बाहेर काढल्यावर त्या लिबलिबीत होऊन पाणी सुटले, हा अनुभव अनेकांना येतो. असे का होते आणि ते कसे टाळायचे, याचे उत्तर व्यवहारात आणण्याचे श्रेय मुख्यतः क्लॅरेन्स बर्ड्सआय यांना जाते.

सुरुवातीचा काळ

बर्ड्सआय यांचा जन्म 9 डिसेंबर 1886 रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. पैशाअभावी त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. 1912 मध्ये ते लॅब्राडोर या अतिथंड प्रदेशात (आता कॅनडात) फरच्या व्यापारासाठी गेले. तेथील इन्युइट लोक बर्फातून मासे पकडत. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत व वाऱ्यात मासा काही क्षणांत गोठे आणि महिन्यांनंतरही ताज्यासारखा लागे. हिवाळ्यात गोठलेले मांस चांगले राही, मात्र कमी थंडीत सावकाश गोठलेले बेचव होई. फरक गोठण्याच्या वेगाचा होता.

वेगामुळे काय घडते?

गोठण सावकाश झाली, की बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि पेशीभित्तिका फाटतात. त्यामुळे फोड वितळताना रस गळतो व ती मऊ पडते. गोठण जलद झाल्यास स्फटिक बारीक राहतात व पेशींची हानी कमी होते.

अपयश आणि यश

न्यूयॉर्कमधील त्यांची गोठवलेल्या माशांची पहिली कंपनी 1924 मध्ये दिवाळखोरीत निघाली. माल चांगला होता, पण गिऱ्हाईक नव्हते. त्यानंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर येथे पुन्हा सुरुवात केली. पॅक केलेला माल अतिथंड धातूच्या पृष्ठभागांमध्ये दाबून गोठवणारे यंत्र त्यांनी विकसित केले. 1929 मध्ये हा व्यवसाय 2 कोटी 20 लाख डॉलरना विकला गेला. 6 मार्च 1930 रोजी स्प्रिंगफील्डमधील 18 दुकानांत मांस, मासे, भाज्या व फळे विक्रीस आली. दुकानांत फ्रीझर आणि वाहतुकीत शीत व्यवस्था नसेल तर माल टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी दोन्हींवर काम केले. 7 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी बोध

- गोठवण्यासाठी पक्व पण घट्ट फळे निवडावीत. गोठवणीमुळे दर्जा टिकतो, सुधारत नाही.
- फोडी एकसारख्या व लहान कराव्यात. ट्रेमध्ये एकाच थरात गोठवून मगच पिशवीत भराव्यात.
- साठवण उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली करावी. वितळलेला माल पुन्हा गोठवू नये.
- ताज्या कापलेल्या फोडी गोठवू न देता 0 ते 5 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. धारदार सुरी वापरावी. खाद्य दर्जाच्या कॅल्शियम क्लोराईडच्या 0.5 ते 1 टक्का द्रावणात एक-दोन मिनिटे बुडवल्यास पेक्टिनला बळकटी मिळून फोडी घट्ट राहण्यास मदत होते.
- प्रक्रिया उद्योग सुरू करण्यापूर्वी शीतसाखळी व खरेदीदार या दोन्हींची खात्री करावी. बर्ड्सआय यांनाही पहिला फटका बाजारातच बसला होता.