जॉन ब्राऊनिंग: लिव्हर ॲक्शन रायफल भरवशाची करणारा माणूस

सिनेमातला काऊबॉय ट्रिगरभोवतीची कडी खटकन खाली-वर करतो आणि पुढची गोळी तयार! या रायफलला लिव्हर ॲक्शन म्हणतात. ही पद्धत जॉन मोझेस ब्राऊनिंग यांनी शोधली नाही, पण दणकट केली ती त्यांनीच.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधील ऑग्डेन गावचा. वडील बंदुका बनवायचे, त्यामुळे बंदुकांचं शिक्षण दुकानातच झालं. १८७९ मध्ये त्यांना एकबारी रायफलचं पेटंट मिळालं. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचे टी. जी. बेनेट थेट ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलरला तिचे हक्क घेऊन गेले.

तेव्हाच्या बहुतेक लिव्हर रायफलींना मोठी काडतुसं झेपत नव्हती. स्फोट चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो, लॉक सुटलं तर बोल्ट मागेच येणार. ब्राऊनिंग यांनी १८८६ च्या मॉडेलमध्ये दोन उभे लोखंडी ठोकळे दिले. लिव्हर वर केली की ते सरकून बोल्टला अडसर घालतात. पुढे १८९४ चं मॉडेल आलं, त्याच्या ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या.

अजून एक अडचण होती. नळीखालच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक राहतात, म्हणजे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने ते उडू शकतं. १८९५ च्या मॉडेलमध्ये त्यांनी पेटीसारखं मॅगझिन देऊन हा धोका टाळला.

विंचेस्टर डिझाइन एकरकमी विकत घ्यायची. ऑटोमॅटिक शॉटगनसाठी मात्र ब्राऊनिंग यांनी प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. बेनेट यांनी नकार दिल्यावर १९ वर्षांचं नातं तुटलं आणि ते डिझाइन बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेलं. त्याच कंपनीच्या कारखान्यात २६ नोव्हेंबर १९२६ रोजी, कामावर असतानाच, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

आजही नवी लिव्हर रायफल घेणारे आधी ती रिकामी असल्याची खात्री करतात, मग लिव्हर कुठे अडकते का आणि बोल्ट घट्ट बसतो का, हे बघतात.

आपल्याकडे मात्र शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना लागतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे मंठ्यात सोयाबीनमध्ये रानडुकरं घुसली, तर रायफल शोधू नका. वन विभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा.