कर्मवीर भाऊराव पाटील : गुरुजी घडविणारा महापुरुष

बहुजन समाजाच्या दारी ज्ञानगंगा नेणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्यता न पाळल्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याचे दारिद्र्य व अज्ञान त्यांनी तेथेच जवळून पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एकाच पंगतीस जेवू लागली. धान्य संपले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या माऊलीचे निधन झाले. या मुलांची पहिली शिष्यवृत्ती म्हणजे ते मंगळसूत्रच नव्हे काय?

खेड्यात शाळा काढावी, तर शिक्षक कोठून आणायचा? शहरातला शिक्षक खेड्यात टिकत नाही आणि खेड्यातल्या मुलाजवळ प्रशिक्षणासाठी पैसा नाही. ही अडचण ओळखून भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालयही निघाले.

गरीब विद्यार्थ्याला मदत द्यावी, पण त्याची मान खाली जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता. म्हणून 'कमवा व शिका' ही योजना आली. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत आणि शिकत. घामाने मिळविलेल्या भाकरीत दयेचा अंश नव्हता. जो असा शिकला, तो गुरुजी झाल्यावर अनवाणी मुलाला वर्गाबाहेर कसा काढील?

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी लावलेल्या वटवृक्षाची एक पारंबी आपल्या उरण तालुक्यातही रुजली आहे. फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालय रयतचेच आहे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्यापैकी अनेकांना शिक्षक व्हायचे आहे, पण बी.ए.नंतर बी.एड.च्या फीचा विचार मनात आला की पाय अडखळतात. अशा वेळी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना लाज वाटू नये, असे मला कर्मवीरांचे चरित्र सांगते. ते ऋण आहे. उद्या एखाद्या गरिबाच्या मुलाला मनापासून शिकवले, तरच ते फिटेल.